जुनं मशीन, नवा नाद

वीकएण्डला मॉलमध्ये भटकण्याऐवजी सध्या मी जुनी ड्रिल मशीन्स उघडून बसते. पुण्याच्या जुन्या बाजारात एखादं रॅलीवुल्फचं धूड हाती लागतं. वजन असं की मनगट बोलायला लागतं! पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली ट्रिगर, ही आयडिया ब्लॅक अँड डेकरची, पेटंट १९१७ चं. आजही तीच चालू आहे.

‘बंद’ म्हणून विकलेल्या मशीनची मोटर दरवेळी जळलेली नसते. कधी नुसते कार्बन ब्रश झिजलेले असतात, कधी कॉम्युटेटरवर काजळी धरलेली. ब्रश बदला, गिअरचं सुकलेलं ग्रीस खरवडून ताजं भरा, की गाडी रुळावर.

खरी रिस्क वायरीत. जुन्या रबराला भेगा पडतात आणि बॉडी असते धातूची. त्यात कुणी टू-पिन प्लग लावून ठेवला असेल तर अर्थिंग गायबच. म्हणून आधी अख्खी थ्री-कोअर केबल बदला, अर्थची वायर बॉडीला घट्ट कसा आणि इलेक्ट्रिशियनकडून मेगरने इन्सुलेशन तपासून घ्या. तोवर प्लग लावायचा नाही म्हणजे नाही! रंगरंगोटी नंतर. (मी तर ओरखडेही तसेच ठेवते.)

परवा शेजारच्या काकांनी बेल वाजवली. वाटलं, आवाजाची तक्रार. तर म्हणाले, ‘‘पडद्याचा रॉड लावायचाय, येतेस का मशीन घेऊन?’’