नीरेत मासा परत आणायचा, तर आधी काय करायचं?

आज आपण बोलणार आहोत नीरा नदीतल्या आपल्या गावठी माशांबद्दल. बाजारात चिलापी मिळते, रोहू मिळतो, कटला मिळतो. पण यातला एकही मासा मूळचा नीरेचा नाही. रोहू-कटला उत्तरेकडचे. चिलापी आफ्रिकेची, ती आपल्या देशात आली 1952 साली. मग नीरेचे मासे कोणते? खडशी म्हणजे महसीर, कोळस, नुकटा, वाम, शिवडा. ही नावं घरातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा, त्या सांगतील.

या नावांचं एक नवल आहे. साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांमधले मासे पाहून 1839 च्या सुमारास त्यांची शास्त्रीय नावं ठेवली. ती त्याने इथल्या लोकांच्या तोंडच्या शब्दांवरूनच घेतली. म्हणून जगभरच्या पुस्तकांत आजही खुद्री, कोलस, नुक्ता हेच शब्द आहेत. नावं टिकली, मासे मात्र कमी झाले. धोक्यात आलेल्या प्राण्यांची जी जागतिक लाल यादी आहे, तिच्यात नुकटा आणि कोळस या दोघांचीही नोंद धोक्यातले मासे म्हणून झाली आहे.

हे का झालं? मासा अंडी घालतो ती पावसाच्या सुरुवातीला. नदीला नवं गढूळ पाणी आलं की मादी पाण्याच्या उलट दिशेने वर चढते. उथळ, वाहत्या पाण्यात गोट्या-वाळूवर अंडी घालते. यांनाच आपण चढणीचे मासे म्हणतो. ज्या दिवसांत माऊलींच्या पादुकांना नीरास्नान घालून पालखी आपल्या लोणंदला येते, साधारण तेच हे दिवस.

आता नदीचं बघा. वर वेळवंडीवर भाटघर धरण 1928 पासून आहे. खाली नीरेवर वीर धरण आहे. शिवाय नीरा-देवघर आहे. सह्याद्रीत पाऊस पडला की पहिलं पाणी धरणं भरण्यात जातं. धरणं भरली की दरवाजे उघडतात आणि एकदम लोंढा येतो. म्हणजे माशाला पाणी हवं तेव्हा मिळत नाही, आणि मिळतं तेव्हा अंडी वाहून जातात. उन्हाळ्यात आवर्तन सुटतं ते डाव्या-उजव्या कालव्यांतून. नदीत उरतात फक्त डोह, आणि त्यांत सांडपाणी. वाळू उपसल्यामुळे अंडी घालायची जागाही जाते. धरण नको असं मी म्हणत नाही. फलटण-माळशिरसचं शेत त्याच पाण्यावर उभं आहे. पण नदीलाही थोडं पाणी लागतं, आणि ते वेळेवर लागतं.

पुष्कळांना वाटतं, बोटुकली आणून सोडली की काम झालं. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून महसीरची पिल्लं तयार होतात. काम मोठं आहे. पण तिथली पिल्लं दक्षिणेत कावेरी नदीतही सोडली गेली. कावेरीत कुबड असलेला तिथला स्वतःचा महसीर होता. त्याची जागा बाहेरून सोडलेल्या महसीरांनी घेतली, असं अभ्यासकांना आढळलं. 2018 मध्ये तो कुबडवाला मासा अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. म्हणजे आपल्याकडचा चांगला मासा दुसऱ्याच्या नदीत पाहुणा न राहता घरमालक होऊन बसला. म्हणून पिल्लं सोडणं ही शेवटची पायरी आहे, पहिली नाही. आणि सोडायचीच, तर त्याच खोऱ्यातली.

मग पहिली पायरी कोणती? नोंद. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपल्या गावच्या वहीत माशांचं पान आहे का, ते विचारा. नसेल तर गटाने ते भरून द्यावं: माशाचं नाव, कोणत्या डोहात मिळायचा, शेवटचा कधी दिसला. भोई-कोळी समाजातल्या मासे विकणाऱ्या बायांकडे ही माहिती कोणत्याही साहेबापेक्षा जास्त आहे.

दुसरी पायरी, एक डोह राखायचा. सगळी नदी बंद करा म्हटलं तर जिचं पोट मासळीवर आहे तिने काय खायचं? म्हणून तिला विचारूनच एक खोल डोह ठरवायचा आणि तिथे जाळं टाकायचं नाही. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासे लोकांनी श्रद्धेने राखले. महाड तालुक्यात वाळण कोंडीला देवीचे मासे म्हणून महसीर राखले जातात. राखलेल्या डोहातला मासा वाढतो आणि बाहेरही पसरतो, त्याचा फायदा शेवटी जाळंवाल्यालाच.

तिसरी पायरी, वाट मोकळी करायची. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे पहिल्या पावसाआधी निघाले नाहीत, तर चढणारा मासा तिथेच अडतो. बर्गे वेळेवर काढा, असा ठराव मे महिन्याच्या ग्रामसभेत मांडता येतो. धरणातून पावसाच्या सुरुवातीला नदीत थोडं पाणी सोडावं, ही मागणीही त्याच ठरावात घाला. एका गावाचा कागद फायलीत राहतो. काठावरच्या दहा गावांनी तोच ठराव दिला, तर पाटबंधारे खात्याला उत्तर द्यावं लागतं.

आणि चौथी पायरी आपल्या चुलीजवळची. चढणीच्या माशाची गाभोळी चवीला फार छान, हे खरं. पण एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, ती याचसाठी. नदीत पहिल्या पुराचे पंधरा दिवस तरी पोटात अंडी असलेली मादी धरायची नाही, विकत घ्यायची नाही, आणि मच्छरदाणीसारखं बारीक जाळं लावायचं नाही, एवढं गटाच्या बैठकीत ठरवता येईल.

येत्या मासिक बैठकीत बचतीचा हिशोब झाला की पंधरा मिनिटं काढा आणि माशांच्या नावांची यादी करायला बसा. गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईपासून सुरुवात करा.