व्ही. शांताराम : वस्तूंना वाचा देणारा दिग्दर्शक

चित्रपट म्हणजे केवळ करमणूक, साहित्याच्या अध्यापकाला त्यापासून शिकण्यासारखे काही नाही, असा समज आपल्या वर्गात बराच काळ रूढ होता. कोल्हापुरात १९०१ साली जन्मलेल्या व्ही. शांताराम यांची कारकीर्द पाहिली, म्हणजे तो समज किती अपुरा होता हे ध्यानात येते.

बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत उमेदवारी करून त्यांनी १९२९ साली सहकाऱ्यांसमवेत ‘प्रभात’ स्थापन केली. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा मराठीतील पहिला बोलपट त्यांचाच. परंतु त्यांच्या शैलीचे मर्म ‘कुंकू’त (१९३७) सापडते. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. वृद्ध विधुर वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली तरुणी पत्नीपण नाकारते, हा त्याचा विषय.

येथे पार्श्वसंगीताला संपूर्ण फाटा दिला आहे. जे ध्वनी ऐकू येतात ते त्या घरादारातूनच उठतात. भिंतीवरील घड्याळ काकासाहेबांना त्यांच्या सरत्या वयाची जाणीव देत राहते. कादंबरीकाराला ज्यासाठी परिच्छेद खर्चावा लागतो, ते एक लंबक सांगून जातो.

मात्र शेवटाविषयी शंका उरतेच. नायिकेची सुटका तिच्या प्रतिकाराने नव्हे, पतीच्या आत्महत्येने होते. मग प्रश्न सुटला, की नुसता टळला?

‘शेजारी’त (१९४१) हिंदु-मुसलमान स्नेहाची कथा आहे. तिच्या ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तीत हिंदु शेजाऱ्याची भूमिका मझहर खान यांनी, तर मुसलमानाची गजानन जागीरदार यांनी केली. पात्रयोजनेतूनच आशय सांगण्याची ही रीत दोन भाषांच्या उंबरठ्यावर वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना विशेष भावेल.

१९४२ साली ‘प्रभात’ सोडून त्यांनी ‘राजकमल’ उभारली. ‘दो आँखें बारह हाथ’ला (१९५७) बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. ‘नवरंग’मध्ये (१९५९) मात्र रंग आणि नृत्य यांच्या झगमगाटात पूर्वीचा संयम हरवला, असे आमचे नम्र मत आहे. १९९० साली त्यांचे निधन झाले.

विद्यार्थ्यांना ‘कुंकू’ अवश्य दाखवावा आणि नंतर एवढेच विचारावे : तो शेवट तुम्हांला पटला का? त्यांची उत्तरे निबंधाच्या कोणत्याही ठराविक विषयापेक्षा अधिक सजीव असतील.