मोठ्या वॅटचा चार्जर खरोखरच लवकर भरतो काय?

बाजारात चार्जर घेण्यास गेलेल्या गृहस्थाला दुकानदार प्रथम एकच प्रश्न विचारतो : किती वॅटचा देऊ? 10, 18, 33, 65 अशी ही चढती भाजणी असते आणि आकड्याबरोबर किंमतही चढत जाते. साहजिकच घेणाऱ्याची समजूत होते की, 65 वॅटचा चार्जर 10 वॅटच्या साडेसहापट वेगाने फोन भरील. ही समजूत काही अंशी खरी आहे. परंतु कोणत्या अंशी, हे न कळल्यास पैसे मात्र व्यर्थ जातात.

वॅट म्हणजे काय, हे समजण्यासाठी आपणा अणशीकरांना दूर जावयास नको. घाट उतरला की काळी नदीवर कद्र्याचे धरण लागते व त्याच्या पायथ्याशी वीजकेंद्र आहे. याच नदीच्या वरच्या अंगाला नागझरीचे केंद्र आहे. नागझरीला बोगद्यातून आणलेले पाणी फार उंचावरून सोडतात. कद्र्याला उंची पुष्कळच कमी, म्हणून तितकीच वीज काढावयाची तर पाणी अधिक सोडावे लागते. उंची आणि ओघ यांच्या गुणाकारावर शक्ती ठरते. चार्जरचा हिशेबही असाच आहे. उंचीच्या जागी विजेचा दाब, तो व्होल्टमध्ये मोजतात. ओघाच्या जागी प्रवाह, तो अँपियरमध्ये. आणि दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट. चार्जरच्या अंगावर बारीक अक्षरांत 5 व्होल्ट, 2 अँपियर असे छापलेले असेल तर तो 10 वॅटचा. 9 व्होल्ट, 2 अँपियर असेल तर 18 वॅटचा.

आता कद्र्याचे केंद्र 150 मेगावॅटचे आहे असे आपण म्हणतो. याचा अर्थ ते अहोरात्र 150 मेगावॅट वीज निर्माण करते असा नव्हे. ती त्याची कमाल क्षमता होय. चार्जरवरील आकडाही असाच कमाल क्षमतेचा आहे. प्रत्यक्षात किती घ्यावयाचे हे फोन ठरवितो. किंबहुना आपण ज्याला चार्जर म्हणतो तो केवळ पुरवठादार असून, बॅटरी भरण्याचा खरा कारभार फोनच्या पोटातील मंडलाकडे असतो. तार जोडताच दोघांत जणू बोलणी होतात : चार्जर आपल्याजवळील दाब सांगतो, फोन त्यांतून आपल्याला मानवेल तो मागून घेतो. दोघांची भाषा जुळली नाही, तर बहुधा साध्या 5 व्होल्टवरच समाधान मानावे लागते. म्हणूनच एका कंपनीचा 65 वॅटचा चार्जर दुसऱ्या कंपनीच्या फोनला कित्येकदा 10 वॅटच्या चालीने भरताना दिसतो.

18 वॅटच घेऊ शकणाऱ्या फोनला 65 वॅटचा चांगला चार्जर लावल्याने अपाय नाही, तसा लाभही नाही. उलट, 33 वॅट घेणारा फोन जुन्या 10 वॅटच्या चार्जरवर अडकला असेल, तर मोठा चार्जर घेणे निश्चित उपयोगाचे. तारेकडेही दुर्लक्ष नको. टाइप-सी प्रकारची साधी तार 3 अँपियरपर्यंत प्रवाह नेते. त्याहून अधिकासाठी निराळी, खास खुणेची तार लागते. कमकुवत, झिजलेल्या तारेपुढे थोर चार्जरही हतबल होतो.

एवढे सर्व जुळले, तरी बॅटरीचा स्वभाव उरतोच. 5000 मिलिअँपियर-तासांच्या बॅटरीत सुमारे 19 वॅट-तास ऊर्जा मावते. केवळ भागाकार केला तर 10 वॅटने दोन तास आणि 80 वॅटने पाव तास, असे उत्तर येते. प्रत्यक्षात वेळ याहून अधिक लागतो, कारण काही ऊर्जा उष्णतेत जाते. शिवाय घागर तोंडाशी आली की आपण नळ बारीक करतो, तसाच फोनही शेवटी प्रवाह आवरता घेतो. लिथियम-आयन घटात लिथियमचे कण ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरत असतात. थर भरत आले असता घाई केली, तर ते आत न शिरता पृष्ठभागावर धातुरूपाने साचतात आणि घटाचे आयुष्य घटते. म्हणून पहिला अर्धा भाग झपाट्याने, तर शेवटचा पाचवा हिस्सा रेंगाळत भरतो. जाहिरातीतील मोठा आकडा बहुधा त्या पहिल्या झपाट्याचा असतो.

आपल्याकडील पावसाळ्यात हे ज्ञान विशेष कामाचे आहे. रानात झाड तारेवर पडून वीज गेली आणि मग तासाभरापुरतीच आली, घरात फोन तीन व चार्जर एक, अशा वेळी एकच फोन काठोकाठ भरीत बसू नये. तिघांना वीस-वीस मिनिटे द्यावीत. त्याच तासात एकंदर वीज अधिक साठते आणि दवाखान्यास निरोप धाडण्याची सोय तिघांच्याही हाती राहते. भरताना फोनचे जाड आवरण काढून ठेवावे व तो उन्हात वा चुलीजवळ ठेवू नये, कारण तापलेला फोन स्वतःच प्रवाह कमी करतो.

खरेदीस निघण्यापूर्वी फोनबरोबर आलेली पुस्तिका उघडून तो अधिकात अधिक किती वॅट घेतो व कोणत्या पद्धतीने, एवढे पाहून घ्यावे. तेवढ्या क्षमतेचा आणि भारतीय मानक ब्यूरोची खूण असलेला चार्जर मागावा. नाव-खूण नसलेला स्वस्त चार्जर, मग त्यावर 100 वॅट का लिहिलेले असेना, दुकानातच राहू द्यावा.