चुकलेल्या गणितालाही मार्क असतात!

‘गणित सगळा सोडवलंय, मगे मार्क खंय गेले?’ बारावीचा निकाल लागला की मालवणात हा प्रश्न हमखास ऐकू येतो. उलटंही घडतं: उत्तर साफ चुकलेलं, तरी चारपैकी तीन मार्क! या दोन्हींमागे एकच गोष्ट आहे, स्टेप मार्किंग.

बोर्डाच्या पेपरात गुण एकट्या उत्तराला नसतात. सूत्र, मांडणी, आकडेमोड, उत्तर अशा पायऱ्यांवर ते वाटलेले असतात. इनव्हर्स मॅट्रिक्सचंच गणित घ्या. पहिली ओळ ३, २. दुसरी उणे १, ४. डिटरमिनंट १२ अधिक २, म्हणजे १४. घाईत चिन्ह चुकलं आणि १० लिहिलं. पुढची अ‍ॅडजॉइंट बरोबर, फक्त भागलं १० नं. उत्तर चुकलं, पण रीत शाबूत आहे. त्यामुळे चुकलेल्या पायरीचे गुण जातात, बाकीचे बहुतेक वाचतात.

आता दुसरं मॅट्रिक्स: २, ३ आणि उणे २, ३. डिटरमिनंट १२. इथे तीच चिन्हाची चूक केली की येतं ०. मग ‘इनव्हर्स नाही’ असं लिहून आपण मोकळे! चूक तेवढीच, पण परीक्षकाला गुण द्यायला पुढे कागदावर काही उरलंच नाही. खरं तर या दोन ओळी एकमेकींच्या पटीत नाहीत, म्हणजे ० येणं शक्यच नव्हतं. एवढं बघायला पाच सेकंदही लागत नाहीत.

म्हणून पायऱ्या गाळू नका. ० किंवा १ पेक्षा मोठी संभाव्यता आली की थांबा, मागे वळून बघा. नवी रीत पूर्ण होईपर्यंत जुनी खोडू नका.

सीईटीत मात्र हा हिशेब चालत नाही. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. चुकलं तर गुण कापत नाहीत, पण अर्धवटालाही काही मिळत नाही. तिथे फक्त निवडलेला पर्याय मोजतात.

बोर्डात मार्क कमी पडले असं वाटलं, तर रडत बसू नका. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला आहे. आपलं कोकण विभागीय मंडळ रत्नागिरीत आहे. मुदतीत छायाप्रत मागवा. आधी बेरीज तपासा, मग गुण न दिलेली पायरी शोधा. ती सरांना किंवा मॅडमना दाखवा आणि त्यानंतरच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरा.