हौशी रेडिओ केंद्राचा मनोरा : केबलबांधणीचे तंत्र व त्यामागील विज्ञान

प्रास्ताविक

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावांतील भ्रमणध्वनी सेवा खंडित झाली. अशा प्रसंगी उपयोगी पडू शकणारे स्वयंपूर्ण संपर्कसाधन म्हणजे हौशी रेडिओ, अर्थात हॅम रेडिओ. डिसेंबर २००४ मधील त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअर येथे उपस्थित असलेल्या हौशी रेडिओचालकांनी अंदमान-निकोबार आणि मुख्य भूमी यांच्यातील संदेशवहनास मोलाचे साहाय्य केले होते.

महाविद्यालयाच्या गच्चीवर असे केंद्र उभारताना संच, बॅटरी आणि अँटेना यांचा विचार बारकाईने होतो. मनोऱ्यावरून खाली येणारी केबल मात्र ‘कशीतरी बांधली’ जाते. वस्तुतः ज्या वादळात केंद्राची गरज निर्माण होते, तेच वादळ या केबलची परीक्षा घेते. म्हणून केबलबांधणी ही नीटनेटकेपणाची बाब नसून केंद्राच्या विश्वासार्हतेची बाब आहे. तिच्यामागील शास्त्रीय कारणे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वजन आणि वाऱ्याचा भार

हौशी केंद्रांत आरजी-२१३ ही कोअॅक्सिअल केबल सर्रास वापरली जाते. तिचा व्यास १०.३ मिलिमीटर असून २० मीटर लांबीचे वजन सुमारे ३ किलोग्रॅम भरते. हे वजन पाहता दोन-तीन ठिकाणी बांधणे पुरेसे आहे, असा समज होतो. परंतु खरा भार वजनाचा नसून वाऱ्याचा असतो.

भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या ०.६ पट या सूत्राने काढला असता तो दर चौरस मीटरला सुमारे १,१६२ न्यूटन येतो. २० मीटर केबलचे वाऱ्यासमोरील क्षेत्रफळ ०.२०६ चौरस मीटर आहे. गोल आकारासाठी १.२ हा गुणांक घेतल्यास एकूण बल सुमारे २८७ न्यूटन, म्हणजे केबलच्या स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ दहापट होते.

केबल केवळ वर आणि खाली बांधली असेल व वाऱ्याने तिला अर्धा मीटर झोळ पडला, तर तिच्यातील ताण सुमारे १,४३५ न्यूटन, म्हणजे १४६ किलोग्रॅम वजनाइतका होतो. हा ताण थेट टोकाच्या कनेक्टरवर येतो. तीच केबल दर मीटरला बांधली, तर प्रत्येक बंधावर येणारे वाऱ्याचे बल जेमतेम दीड किलोग्रॅम वजनाइतके राहते. भार तोच, पण तो विभागला जातो. शिवाय केबलचे फडफडणे थांबते; वेष्टन घासणे व आतील तारा वारंवार वाकून तुटणे हे दोष त्यामुळेच टळतात.

बंध कसा असावा

केबलमधील मध्यवर्ती तार आणि तिच्याभोवतीची जाळी यांच्यातील अंतरावर केबलचा ५० ओहम हा संरोध अवलंबून असतो. बंध अति आवळल्यास आतील पॉलिथिन उन्हाच्या तापाने हळूहळू दबते, त्या जागी संरोध बदलतो आणि ऊर्जेचा काही अंश परावर्तित होतो. फोमयुक्त केबलमध्ये हा धोका अधिक असतो. केबल सरकू नये, पण वेष्टनावर खाच पडू नये, इतपतच बंध घट्ट असावा.

सर्व बंध काटेकोर समान अंतरावर नसणेही इष्ट असते. १४५ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर या केबलमधील अर्धी तरंगलांबी सुमारे ६८ सेंटिमीटर असते. बंधांमधील अंतर तिच्या पटीत आल्यास लहान लहान परावर्तने एकत्र येऊन वाढू शकतात. यास्तव ही अंतरे ८० ते ११० सेंटिमीटरच्या दरम्यान कमी-जास्त ठेवावीत.

पांढऱ्या साध्या नायलॉन पट्ट्या सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी ठिसूळ होतात; म्हणून बाहेरील वापरासाठीच्या काळ्या पट्ट्या घ्याव्यात. स्टेनलेस स्टीलची पट्टी वापरल्यास तिच्याखाली रबराचा तुकडा द्यावा. केबल मनोऱ्याच्या उभ्या पायाला आतील बाजूने बांधावी. चढण्याची बाजू मोकळी राहिली पाहिजे. अँटेना फिरवणारी मोटर असल्यास तिच्याभोवती पूर्ण फेऱ्यास पुरेल अशी सैल वळी ठेवावी व तिची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या किमान दहापट असावी.

पाणी व वीज

वेष्टनाला लहानशी चीर पडली तरी पाणी जाळीतून केशाकर्षणाने दूरवर पोहोचते व संदेशाची शक्ती क्षीण करते. कनेक्टरवरील जलरोधक पट्टी खालून वर गुंडाळावी, म्हणजे तिचे थर कौलांप्रमाणे एकमेकांवर येतात. इमारतीत शिरण्यापूर्वी केबलला खाली उतरणारा बाक द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जाते.

तडितापासून रक्षणासाठी केबलची जाळी मनोऱ्याच्या माथ्याशी व पायथ्याशी त्याला विद्युतदृष्ट्या जोडावी आणि मनोरा भूसंपर्कित करावा. उघडे तांबे जस्तलेपित लोखंडाला थेट जोडू नये. ओलाव्यात दोन धातूंमुळे गंज वाढतो. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत ही दक्षता विशेष आवश्यक ठरते.

तपासणी

मृगाच्या पावसापूर्वी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा प्रत्येक बंध तपासावा. मनोऱ्यावर चढणाऱ्याने पूर्ण शरीराचा सुरक्षापट्टा वापरावा, प्रक्षेपण बंद असल्याची खात्री करावी आणि खाली एक सहकारी उभा असावा. वादळ येण्याची सूचना मिळाल्यावर मनोऱ्यावर चढणे सर्वथा टाळावे. ती वेळ दुरुस्तीची नसते.

समारोप

वीस-बावीस बंधांना लागणारा खर्च संपूर्ण केंद्राच्या खर्चात नगण्य असतो. तथापि त्यांच्या अभावी उत्तम संच आणि उंच अँटेना ऐन वेळी मूक होऊ शकतात. बल, ताण, संरोध आणि धातूंचे क्षरण या वर्गात स्वतंत्रपणे शिकवल्या जाणाऱ्या संकल्पना येथे एकाच केबलवर एकत्र येतात. त्यामुळे महाविद्यालयीन केंद्राचा मनोरा ही विद्यार्थ्यांसाठी उघडी प्रयोगशाळाही ठरते. त्या प्रयोगशाळेचा निकाल मात्र वादळाच्या रात्री लागतो.