उपाहारगृहाचा दुसरा जमाखर्च

कोणत्याही तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळ एक तरी उपाहारगृह असतेच. पहाटे त्याच्या भटारखान्यात शेगड्या पेटतात, बटाटे उकडू लागतात, कढईत तेल तापते आणि उजाडते न उजाडते तोच चहाच्या पेल्यांचा किणकिणाट सुरू होतो. दिवसभर माणसे येतात, खातात, पैसे देऊन निघून जातात. रात्री दारे लावण्यापूर्वी मालक गल्ल्यापाशी बसतो आणि दिवसाचा जमाखर्च मांडतो. भाजी कितीची आली, गॅसची टाकी किती दिवस पुरली, विक्री किती झाली, हे सारे तो वहीत नोंदवितो.

परंतु या धंद्याचा आणखी एक जमाखर्च असतो. तो कोणत्याही वहीत लिहिलेला नसतो. उपाहारगृहाने निसर्गाकडून काय घेतले आणि त्याला परत काय दिले, याचा तो हिशेब होय. घेतले ते धान्य, पाणी, इंधन आणि वीज. दिले ते मात्र धूर, सांडपाणी, खरकटे आणि प्लॅस्टिक. हा व्यवहार निसर्गाच्या तोट्याचा होऊ नये यासाठी काय करता येईल, ते आपण पाहू.

सर्वांत मोठी उधळपट्टी अन्नाची होते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यांपैकी सुमारे २९ कोटी टन उपाहारगृहे, खानावळी यांसारख्या ठिकाणचे होते. घराघरांतून वाया गेलेले अन्न त्याहूनही अधिक, म्हणजे सुमारे ६३ कोटी टन होते. तेव्हा उपाहारगृहाकडे बोट दाखविताना आपल्या स्वयंपाकघरास विसरून चालणार नाही.

असे प्रचंड आकडे मनावर ठसत नाहीत, म्हणून एक लहानसा हिशेब करू. समजा, एका उपाहारगृहात रोज ३०० माणसे जेवतात आणि प्रत्येकाच्या ताटात ५० ग्रॅम अन्न, म्हणजे जेमतेम दोन-तीन घास, उरते. दोन घासांचे ते काय, असे कोणासही वाटेल. पण रोजचे ते १५ किलो होते आणि वर्षाचे ५,४७५ किलो, म्हणजे जवळजवळ साडेपाच टन! एक किलो तांदूळ पिकविण्यास सर्वसाधारणपणे दोन हजार लिटरांहून अधिक पाणी लागते. भात टाकला म्हणजे ते पाणी, शेतकऱ्याचा घाम आणि शिजविण्यास जाळलेले इंधन, हे सारेच त्याबरोबर टाकले जाते.

शिवाय टाकलेले अन्न दृष्टीआड झाले तरी नाहीसे होत नाही. मुंबईत देवनार येथे १९२७ सालापासून शहराचा कचरा टाकला जाऊ लागला आणि काळाच्या ओघात तेथे कचऱ्याचे डोंगर उभे राहिले. जानेवारी २०१६ च्या अखेरीस त्यांना भीषण आग लागली. धुराचे लोट कित्येक दिवस शहरावर रेंगाळत होते आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कचऱ्याला आग लागते आणि ती लवकर विझत नाही, याचे एक कारण त्याच्या पोटातच असते. ओला कचरा ढिगाखाली दबला म्हणजे त्यास हवा मिळत नाही. अशा स्थितीत सूक्ष्म जीव तो कुजवितात आणि त्यातून मिथेन नावाचा वायू तयार होतो. हा वायू ज्वालाग्राही आहे. इतकेच नव्हे, तर शंभर वर्षांच्या काळात वातावरण तापविण्याची त्याची शक्ती तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट मानली जाते.

यावरील पहिला उपाय अगदी साधा आहे: लागेल तेवढेच रांधावे आणि मागेल तेवढेच वाढावे. कोणता पदार्थ रोज किती उरतो, याची आठवडाभर नोंद ठेवली तरी चूक कोठे होते ते मालकास कळते. लहान मुलांसाठी अर्धे ताट ठेवले, भात पुन्हा विचारून वाढला, तर ताटे स्वच्छ होऊन परत येतात. इतके करूनही भांड्यात चांगले, न उष्टावलेले अन्न शिल्लक राहिले, तर ते ताजे असतानाच भुकेल्यास द्यावे. मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ साली ‘रोटी बँक’ सुरू करून असे अन्न गरजूंपर्यंत पोहोचविण्याचा उपक्रम हाती घेतला होता.

तरीही भाजीची देठे, साली आणि उष्टे खरकटे उरणारच. ते सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळे ठेवले, तर ज्या मिथेनमुळे देवनार धुमसले तोच वायू शेगडीत जळू शकतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला ‘निसर्गऋण’ हा जैववायू प्रकल्प याच तत्त्वावर चालतो. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी स्वयंपाकघरातील टाकाऊ अन्नावर चालणारे लहान संयंत्र तयार केले आणि त्यासाठी संस्थेस २००६ साली ॲशडेन पुरस्कार लाभला. बंद टाकीत खरकटे कुजते, वायू नळीवाटे शेगडीकडे जातो आणि मागे राहिलेला राडा झाडांना खत म्हणून उपयोगी पडतो.

आता इंधनाकडे वळू. कडधान्ये रात्री भिजत घातली, पातेल्यावर झाकण ठेवले, डाळ प्रेशर कुकरमध्ये शिजविली, तर गॅस कमी लागतो. शेगडीची ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसू लागली, म्हणजे इंधन पुरते जळत नाही आणि बर्नर साफ करावयास हवा, असे समजावे. कोळसा आणि लाकूड यांचा धूर तर साऱ्या वस्तीला बाधतो. म्हणूनच २०२५ साली मुंबई महानगरपालिकेने तंदूरभट्ट्या वापरणाऱ्या उपाहारगृहांना कोळसा सोडून वीज किंवा गॅस यांकडे वळण्याच्या सूचना दिल्या.

विजेची गोष्टही अशीच आहे. जुन्या तारेचा ६० वॅटचा दिवा जेवढा उजेड देतो, जवळपास तेवढाच उजेड ९ वॅटचा एलईडी दिवा देतो. असे २० दिवे रोज १० तास जळत असतील, तर १२ युनिटांच्या जागी १.८ युनिट वीज पुरते. आपल्याकडील बरीचशी वीज अजूनही कोळसा जाळून निर्माण होते. तेव्हा वाचलेले प्रत्येक युनिट म्हणजे न जाळलेला कोळसाच होय.

पाण्याच्या बाबतीत मोरीकडे लक्ष द्यावे लागते. नळातून मिनिटाला ८ लिटर पाणी पडत असेल आणि तो सोडून ठेवून तासभर भांडी धुतली, तर ४८० लिटर पाणी वाहून जाते. त्याऐवजी ४० लिटरांची दोन घंगाळी भरून, एकात घासलेली भांडी बुडवून व दुसऱ्यात विसळून घेतली आणि पाणी दोनदा बदलले, तरी २४० लिटर पुरतात. २०१८ साली पाणीटंचाई भासू लागली, तेव्हा पुण्यातील काही उपाहारगृहांनी गिऱ्हाइकासमोर अर्धाच पेला पाणी ठेवण्याची प्रथा पाडली. तहान असेल त्यास पुन्हा पाणी मिळे. उष्टे पाणी ओतून देणे मात्र टळे.

त्याच मोरीत तळणाचे तेल ओतणे फार वाईट. ते थिजून गटारे तुंबवते. वारंवार तापविलेले तेल आरोग्यासही घातक असते. २०१८ साली भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेल कितपत वापरावे याची मर्यादा घालून दिली आणि वापरलेले तेल गोळा करून त्यापासून जैवडिझेल बनविण्याची योजना सुरू केली. वडे तळून काळे पडलेले तेल अशा रीतीने वाहन चालविण्याच्या कामी येऊ शकते!

प्लॅस्टिकचा प्रश्न थोडा अवघड आहे. महाराष्ट्रात २०१८ साली आणि साऱ्या देशात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाचे प्लॅस्टिकचे पेले, ताटे, चमचे यांवर बंदी आली. स्टीलचे ताट हजारो वेळा वापरता येते. पण ते धुण्यास पाणी लागते. कागदी पेल्याला पाणी लागत नाही. पण त्याच्या आत बहुधा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो आणि तो एका चहात संपतो. पाणी बेताने वापरले, तर स्टीलच सरस ठरते. जेथे पाण्याचा दुष्काळ आहे, तेथे पळसाची पत्रावळ किंवा केळीचे पान अधिक योग्य. सारांश, एकच उपाय सर्वत्र लागू पडत नाही. जागा पाहून विचार करावा लागतो.

या सर्वांत मालकाचे नुकसान नाही काय, असे तुम्ही विचाराल. काही गोष्टींना आरंभी पैसा लागतो, हे खरे. जैववायूची टाकी फुकट बसत नाही. परंतु झाकण ठेवण्यास, नळ बंद करण्यास, बेताने रांधण्यास काहीच लागत नाही. उलट पहिल्या वहीतही बचतच दिसते. मालक, आचारी, वाढपी, भांडी घासणारा अशा सर्वांनी मनावर घेतले, तरच हे साधते.

आणि या साखळीचा शेवटचा दुवा बाकावर बसून जेवणारा, म्हणजे तुम्ही-आम्ही आहोत. ‘थोडेच वाढा, लागले तर पुन्हा मागेन,’ एवढे एक वाक्य आपण वाढप्यास सांगितले, तर उपाहारगृहाच्या त्या न लिहिलेल्या वहीत आपल्या हातून खर्च कमी पडेल.

स्वाध्याय

१. उपाहारगृहाचा ‘दुसरा जमाखर्च’ म्हणजे काय, ते तुमच्या शब्दांत सांगा.
२. एकच वायू देवनारला घातक आणि शेगडीत उपकारक कसा ठरतो?
३. तुमच्या घरी आठवडाभरात किती अन्न टाकले गेले, याची रोज नोंद करा व बेरीज वर्गात सांगा.