लहान सल्लागार संस्था, नेमका सल्ला
एकाच विषयात मुरलेली लहान सल्लागार संस्था उद्योगाला अनेकदा मोठ्या कंपनीपेक्षा जास्त उपयोगी पडते. ऊर्जा लेखापरीक्षण हे त्याचे ठळक उदाहरण. 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर भारतात प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक तयार झाले. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत असा जाणकार स्वतः भट्टीपाशी उभा राहतो. वितळलेला धातू साच्यासाठी किती वेळ ताटकळतो, भट्टीचे झाकण किती वेळ उघडे राहते, कॉम्प्रेसरची हवा कुठे गळते, हे तो मोजतो. मोठ्या कंपनीत बोलणी ज्येष्ठ करतात आणि काम बहुधा नवख्यांकडे जाते. लहान संस्थेत बोलणारा आणि मोजणारा एकच असतो. खर्चही आटोपशीर राहतो. मात्र माणसे मोजकी असल्याने एका वेळी अनेक कामे पेलत नाहीत. नेमणुकीपूर्वी प्रमाणपत्र पाहावे आणि आधीच्या ग्राहकांकडे जरूर चौकशी करावी.